मामांच्या कपाटातल्या तीन हार्ड डिस्क: कुठली केबल, कुठला ॲडाप्टर?

माडाची_वाडी

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळच्या गावातून लिहितोय. आमचे मामा पूर्वी लग्नांचं आणि जत्रेतल्या दशावताराचं शूटिंग करायचे. आता काम बंद केलंय. परवा त्यांच्या खोलीतलं कपाट आवरताना तीन हार्ड डिस्क निघाल्या. त्यात रात्रभर चाललेली काही जुनी नाटकं आहेत म्हणतात, आणि त्यातले दोन कलाकार आता हयात नाहीत. त्यामुळे जीव अडकलाय.

पहिली ८० जीबीची, जाडजूड. मागे दोन ओळींत बारीक पिना आणि बाजूला चार जाड पिनांचं सॉकेट. दुसरी ५०० जीबीची, आकाराने तेवढीच, पण पिना नाहीत, इंग्रजी एल सारख्या दोन खाचा आहेत. तिसरी खिशात मावणारी १ टीबीची पोर्टेबल. तिची केबल यूएसबीचीच आहे, फक्त डिस्ककडचं टोक रुंद आणि मध्ये खाच असलेलं.

माझ्या लॅपटॉपला दोन टाईप-सी पोर्ट आणि एक नेहमीचा यूएसबी. पोर्टेबल लावली की टुंग वाजतं, दिसते, लगेच पुन्हा टुंग आणि गायब. बाकीच्या दोन लावायला काहीच नाही. तालुक्याच्या एका दुकानात दाखवलं तर "तिन्ही गेल्या, मुंबईला पाठवा" म्हणून मोकळे झाले. खर्च ऐकून मामांनी डिस्क परत कपाटात ठेवल्या. काय करू?

सुकट

गूगल ड्राईव्हवर टाका आणि मोकळे व्हा ;)

माडाची_वाडी

@सुकट, टाकायला आधी उघडायला नको का!

वायरमन_रत्नांग्री

आयडीईची (तुझी पिनांवाली ८० जीबीची) डिस्क लावायला काही नसताना "गेली" हे ठरवलं कसं त्या दुकानदाराने? न लावताच निदान. असो.

मला आधी एवढं सांग. पोर्टेबल लावल्यावर हातात फिरल्याचं जाणवतं का? टक्-टक् आवाज येतो की बारीक पीं-पीं? लॅपटॉपच्या नेहमीच्या पोर्टला लावलीस की टाईप-सीच्या डोंगलला? आणि केबल डिस्ककडच्या टोकाला हलवली तर लाईट मिणमिणते का?

माडाची_वाडी

फिरते. टक्-टक् नाही. डोंगलला लावली होती. केबल हलवली की लाईट जाते-येते. बघितलंच नव्हतं हे.

गजालवाला

माका वाटता केबलच गेली हा. तू आधी केबल बदलून बघ, मगे डिस्कीक नावा ठेव.

वायरमन_रत्नांग्री

गजालवाल्यांशी सहमत. आता सविस्तर लिहितो, कारण तुझ्या तीन डिस्क म्हणजे तीन जमाने आहेत.

पोर्टेबलपासून सुरू करू. ते रुंद टोक म्हणजे यूएसबी ३ चं मायक्रो-बी. ते दोन भागांचं असतं. मोठा भाग जुन्या अँड्रॉइड फोनच्या मायक्रो यूएसबीचाच आहे, शेजारचा छोटा भाग जादा वेगाच्या तारांसाठी. म्हणजे घरात जुन्या मोबाईलची केबल असेल तर ती त्या मोठ्या भागात बसते. वेग कमी मिळेल, सेकंदाला ३०-३५ एमबी, पण डिस्क जिवंत आहे की नाही हे नवी केबल यायच्या आधी आजच कळेल. केबल मात्र डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

दुसरं, डोंगल काढ. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना ५ व्होल्टवर साधारण १ अँपिअर लागतो. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. त्यात स्वस्त डोंगल आणि लांबलचक बारीक केबल घातली की डिस्कपर्यंत पोचेतो व्होल्टेज पडतं. डिस्क उठते, दम लागतो, बसते. तेच तुझं टुंग-टुंग. लॅपटॉपला थेट, आखूड केबलने लाव.

आता ८० जीबीची. ही आयडीई, म्हणजे ४० पिनांची. यातली २० नंबरची पिन मुद्दाम काढलेली असते, ती मोडलेली नाही, घाबरू नकोस. जुन्या कॅबिनेटमध्ये हिला पट्टी केबल असायची. पट्टीची लाल कड पिन १ कडे, म्हणजे बहुतेक डिस्कवर पॉवरच्या सॉकेटच्या बाजूला. पॉवरचं ते चार पिनांचं मोलेक्स: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. तुला जुना पीसी शोधायची गरज नाही. आयडीई-साटा टू यूएसबी असा ॲडाप्टर मिळतो. त्याच्या एका बाजूला ४० पिना, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपच्या आयडीईच्या ४४ पिना, तिसऱ्या बाजूला साटा, म्हणजे तुझ्या ५०० जीबीवालीच्या एल खाचांसाठी. सोबत १२ व्होल्टचा वेगळा चार्जर मोलेक्ससकट येतो. एका खरेदीत तुझ्या पहिल्या दोन्ही डिस्क भागतात.

आयडीईला मागे छोटा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) असतो. तो मास्टरवर (मुख्य डिस्क) हवा, स्लेव्हवर (दुय्यम) नको, आकृती डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते. काही डिस्कना एकटीने चालायचं असेल तर जंपर पूर्ण काढायचा असतो, तेही लेबलवरच दिसेल. स्लेव्हवर राहिला तर बरेच ॲडाप्टर डिस्क ओळखत नाहीत, आणि लोक म्हणतात डिस्क मेली.

५०० जीबीची साटा. लहान खाच ७ पिनांची, डेटाची. मोठी १५ पिनांची, पॉवरची. साडेतीन इंची असल्यामुळे हिलाही १२ व्होल्ट लागणार, यूएसबीच्या ५ व्होल्टवर ती फिरणार नाही. अडीच इंचीचं स्वस्त केसिंग आणून जोडशील आणि पुन्हा "गेली" म्हणशील, म्हणून आधीच सांगतोय.

अपरान्त

वायरमन, चांगलं लिहिलंय. एक महत्त्वाची भर. ॲडाप्टरसोबत आलेला १२ व्होल्टचा चार्जर सोडून दुसरा लावू नका. गोल पिन सेट-टॉप बॉक्सच्या चार्जरची पण तीच, लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरचीही पुष्कळदा तीच. बसते म्हणून लावली की संपलं. साडेतीन इंची डिस्कच्या बोर्डावर बहुधा दोन संरक्षक डायोड असतात, ५ व्होल्टला एक, १२ व्होल्टला एक. चुकीचा व्होल्टेज आला की ते स्वतः शॉर्ट होऊन बोर्ड वाचवायचा प्रयत्न करतात. नशीब असेल तर डायोडवर निभावतं, नसेल तर बोर्ड जातो. आणि "तशीच दुसरी डिस्क आणून बोर्ड बदलतो" हे आता सहसा जमत नाही. त्या डिस्कची स्वतःची जुळणी बोर्डावरच्या छोट्या आठ पायांच्या चिपमध्ये असते, तीही उचलून नव्या बोर्डावर सोल्डर करावी लागते.

तीच गोष्ट मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टरची. प्लास्टिक ओतून एकसंध केलेलं टोक नको. आत तारा सरकून शॉर्ट होतात आणि वितळतात. तारा वरून दाबून बसवलेल्या दिसतात ते घ्या.

सुकट

म्हणजे केबलपायी घर जळायचं.

अपरान्त

घर नाही, पण टेबल काळं झालेलं पाहिलंय.

हर्णैकर

सगळे केबलींबद्दल बोलतायत, पण डिस्क वेंगुर्ल्याच्या कपाटात किती पावसाळे होत्या ते कोणी विचारलंच नाही. इकडे समुद्रकाठी ही मुख्य गोष्ट आहे. घाटावरचे लोक डिस्क दहा वर्षांनी काढतात आणि लावतात. आपल्याकडे खारी हवा. मिठाचा बारीक थर पिनांवर बसतो आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. स्वस्त केबलच्या पिनेवर सोन्याचा मुलामा नावापुरता असतो. त्याला सूक्ष्म भोकं असली की खालचं तांबं हिरवं होऊन वर येतं. दुरून काही दिसत नाही. मोबाईलच्या टॉर्चखाली भिंग धरा, मग पिनांच्या मुळाशी हिरवट पूड दिसते.

उपाय सोपा आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, ९९ टक्क्यांचं घ्या. मऊ ब्रशने पिना पुसा, वाळू द्या, मग केबल दोन-चार वेळा काढघाल करा, घासून संपर्क साफ होतो. जास्त वेळा नको, साटाची आतली केबल ५० वेळा काढाघालायच्या हिशोबानेच बनवलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रेही चालतो. सायकलची साखळी सुटायला मारतात तो तेलकट स्प्रे अजिबात नको, मागे तवंग ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. पॉलिश पेपर तर हातातही घेऊ नका.

साडेतीन इंची डिस्क फिरतच नसेल किंवा फिरून ओळखली जात नसेल तर अजून एक जागा बघायची. डिस्कच्या पोटाखालचा हिरवा बोर्ड. टॉर्क्सचे स्क्रू असतात, बहुधा टी६ किंवा टी८, साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकी खराब करू नका. बोर्ड अलगद उचलला की खालच्या बाजूला आत जाणाऱ्या पिनांसाठी छोटे चौकोनी ठिपके दिसतात. आमच्याकडच्या जुन्या डिस्कवर ते ठिपके काळे पडलेले असतात, जुन्या चांदीसारखे. शाळेचं पांढरं खोडरबर घ्या, एका दिशेने हलक्या हाताने घासा, चकाकी आली की थांबा. चुरा ब्रशने झटका, आयपीएने पुसा, बोर्ड परत. मात्र डिस्कचं वरचं झाकण उघडायचं नाही. कधीच नाही. आणि झाकणावर "हे भोक बंद करू नये" असं लिहिलेलं बारीक छिद्र असतं, त्यावर चिकटपट्टी मारू नका. डिस्क तिथून श्वास घेते.

पावसाळी दिवशी कपाटातून काढून लगेच लावू नका. कोरड्या खोलीत, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा.

अवांतर: २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या बाजूला छपरं उडाली आणि लोकांचे कॉम्प्युटर भिजले. नंतर २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हाही तेच. पुराचं पाणी शिरलेली डिस्क उन्हात वाळवून लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो, लावू नका. त्या छिद्रातून गाळ आत गेलेला असतो आणि वाळला की तबकडीला चिकटतो. ती ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्यायची. तिथे घरगुती उपाय नाहीत.

गजालवाला

हर्णैकरांनू, खोडरबराचो उपाय लय भारी. आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटाक पण तोच करतंव.

शेवंती

हर्णैकर काका, छान लिहिलंत. मी मूळची कुडाळची, पुण्यात डेटा सेंटरमध्ये काम करते. माझे दोन पैसे.

केबल खराब की डिस्क खराब, हे डिस्क स्वतःच सांगते, फक्त विचारावं लागतं. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. यादीत सी७ नावाची ओळ असते, सीआरसी एररची. डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या वाटेवर डेटा बिघडला की हा आकडा वाढतो. वाट म्हणजे केबल, पिना, कनेक्टर. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे जुना आकडा बघून घाबरू नका. लिहून ठेवा, केबल बदला, थोडी कॉपी करा, पुन्हा बघा. थांबला असेल तर दोष केबलचा होता. पोर्टेबलच्या बाबतीत मात्र हा आकडा आतल्या चिपपर्यंतचीच वाट दाखवतो, यूएसबीची केबल त्यात येत नाही.

उलट ०५ आणि सी५ या ओळी तबकडीच्या आहेत. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर. हा वाढत असेल तर केबल कितीही बदला, उपयोग नाही. आणि त्या अवस्थेत विंडोज "स्कॅन करून दुरुस्त करू का" विचारतं, त्याला हो म्हणू नका. चेकडिस्क डेटा वाचवायला नाही, फाईल सिस्टीम जुळवायला असतं. मरत्या डिस्कवर ते चालवलं की आहे तेही जातं.

@माडाची_वाडी, पोर्टेबल केसिंगमधून काढून साटाला लावावी असं कोणी सुचवेल. काही पोर्टेबलमध्ये आत साटा नसतंच, यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावर सोल्डर केलेला असतो, आणि काहींत तोच बोर्ड सगळा डेटा एन्क्रिप्ट करून लिहितो. त्यामुळे केसिंग उचकटू नका.

चाकरमानी

ताई, जरा बाजूचा प्रश्न. भंगारवाल्याकडे सर्व्हरची ४ टीबीची डिस्क फार स्वस्त आहे. साटासारखीच दिसते, पण दोन खाचांच्या मधली जागा भरलेली. घेऊ का?

शेवंती

नको. ती सॅस आहे, सर्व्हरच्या डिस्कची वेगळी पद्धत. सॅसच्या कार्डाला साटा डिस्क चालते, साटाच्या पोर्टला सॅस चालत नाही. चुकून लागू नये म्हणूनच मधली जागा भरलेली असते. बाजारात कन्व्हर्टर मिळतात ते फक्त आकार बदलतात, भाषा नाही. वेगळं सॅस कंट्रोलर कार्ड घ्यावं लागेल, मग स्वस्ताई संपली.

माडाची_वाडी

मंडळी, तुम्हा सगळ्यांचे आभार! आधी पोर्टेबल. मोबाईलची जुनी केबल लावून थेट लॅपटॉपला जोडली. चालू! कॉपी पण होतेय. रुंद टोकाची नवी केबल मागवली आहे.

८० जीबीचा जंपर खरंच स्लेव्हवर होता. ॲडाप्टर आला, जंपर बदलला, पिना पुसल्या, आणि डिस्क उघडली. मामांचे २००५ पासूनचे फोल्डर आहेत. एका फोल्डरचं नाव नुसतं "जत्रा".

५०० जीबीची फिरते, दिसते, पण कॉपी अडकते. सी७ चा आकडा ४ आहे, हलत नाही. सी५ कालपासून वाढतोय. शेवंती ताई, आता?

शेवंती

आता लगेच बंद करा, फायली एकेक करून ओढू नका. पूर्ण डिस्कची नक्कल काढायची. लिनक्सच्या पेन ड्राईव्हवरून सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते पहिल्या फेरीत सहज वाचता येणारं सगळं घेतं, अडलेले भाग मागे ठेवतं, आणि कुठवर आलं त्याची नोंद मॅप फाईलमध्ये ठेवतं. लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून नाही. ज्या डिस्कवर नक्कल घ्यायची ती तेवढीच किंवा मोठी हवी, आणि सुरू करण्यापूर्वी दोन्हींचे सीरियल नंबर लेबलशी ताडून बघा. मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली तर मुंबईवालेही काही करू शकणार नाहीत.

मध्येच टक्-टक् सुरू झालं तर बंद करा. मग खरंच लॅबकडे. बाकी दोन डिस्कचा खर्च वाचलाय, एकीवर करायला मामा तयार होतील.

वायरमन_रत्नांग्री

आणि नक्कल चालू असताना इन्व्हर्टरवर ठेव. दुसरं, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या येत असतील तर तिथे अजिबात जोडू नकोस. आपल्याकडे जांभ्याची जमीन, एप्रिल-मेमध्ये अर्थिंग कोरडं पडतं. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधून कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. करंट नगण्य असतो, माणसाला नुसत्या मुंग्या येतात, पण यूएसबी लावताना ठिणगी पडली की तो ॲडाप्टरच्या चिपमधूनच जातो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाल आणि सॉकेट तपासून घे.

सुकट

आता मस्करी नाही, खरा प्रश्न. बंद पडलेल्या लॅपटॉपमधून एम.२ ची एसएसडी काढली आहे, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. कुठलं केसिंग?

अपरान्त

सोन्याच्या कडेला खाचा किती ते बघा. दोन असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई, ही साटाहून वेगवान, वेगळी पद्धत. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण साटाचं केसिंग एनव्हीएमईला चालत नाही. थोडे जास्त देऊन दोन्ही ओळखणाऱ्या चिपचं घ्या, विचार करायला नको.

केबलचं एक सांगतो. फोनच्या चार्जरसोबत आलेली टाईप-सी केबल लावाल तर डिस्क दिसेल, पण सेकंदाला ४० एमबीवर रांगेल. त्या केबलींत बहुतेक वेळा यूएसबी २ च्याच तारा असतात. टोकं दोन्ही सारखीच, बाहेरून ओळखू येत नाही. १० जीबीपीएस असं लिहिलेली आखूड केबल घ्या. आणि उलट, फिरत्या हार्ड डिस्कसाठी कोणी ४० जीबीपीएसची थंडरबोल्ट केबल विकत असेल तर नमस्कार करून पुढे जा. साडेतीन इंची डिस्क मुळात सेकंदाला तीनशे एमबीच्या वर सहसा जात नाही, तिला साधं ५ जीबीपीएसही रग्गड.

माडाची_वाडी

नक्कल पूर्ण झाली! नोंदीत ९९ टक्क्यांहून जास्त वाचलं असं दाखवतंय, राहिलेलं लाल. दोन फायली मध्येच अडकतात, बाकी नाटकं चालतात. मामा रात्री बसून बघत होते.

आता नवीन भानगड. मामा म्हणतात सगळं डिस्कवर नाहीच, अर्धं छोट्या मिनी डीव्ही कॅसेटींवर आहे. कॅमेरा चालू आहे, यूएसबीचं भोक पण आहे. त्यातून होईल का?

वायरमन_रत्नांग्री

त्या काळच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत यूएसबी फक्त फोटोंसाठी असायचं. कॅसेट उतरवायची तर फायरवायर, ही यूएसबीहून वेगळ्या पद्धतीची जोडणी. कॅमेऱ्यावर डीव्ही लिहिलेलं चार पिनांचं बारीक भोक बघ. कॉम्प्युटरकडे सहा पिनांचं असतं, म्हणजे तुला चार-टू-सहा केबल आणि फायरवायरचं कार्ड हवं. यूएसबी-टू-फायरवायर म्हणून स्वस्त पिटुकलं टोक ऑनलाईन दिसेल, ते घेऊ नकोस. दोघांची बोलायची पद्धतच वेगळी, नुसतं टोक बदलून काही होत नाही. तुझ्या लॅपटॉपला कार्ड बसणार नाही, पीसीआय स्लॉटवाला जुना डेस्कटॉप शोध. तासाच्या कॅसेटला १३ जीबीच्या आसपास जागा धर, आणि कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घे, पावसाळ्याने टेप चिकटलेली असू शकते. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती कॅमेऱ्यात घालूच नकोस, हेडच खराब होईल.

सहा पिनांचं टोक उलटं घुसवू नकोस, त्यातून पॉवर पण जाते आणि पोर्ट जळतो. केबल लावताना दोन्हीकडचं बंद असू दे.

चाकरमानी

माझ्याकडे ते पीसीआयचं कार्ड आणि केबल दोन्ही पडून आहेत, इथे कोणी विचारत नाही. गणपतीला येतोय तेव्हा आणतो. घाई असेल तर एसटीच्या पार्सलने कुडाळला पाठवतो. डेस्कटॉपचं तेवढं बघ, पत्ता व्यनित (खासगी निरोपात) टाक.

माडाची_वाडी

गणपतीपर्यंत थांबतो दादा, तोवर डेस्कटॉप बघतो. शाळेच्या अडगळीत दोन आहेत, हेडमास्तरांना विचारतो. व्यनि केला आहे.